दोन रात्रींचा पडाव

हज किंवा उमऱ्याला निघालेल्या माणसाला पोहोचवायला मुंबईपर्यंत किती गाड्या गेल्या, यावर आमच्या भागात त्या घराची आपुलकी मोजतात. एक गाडी गेली तर ‘घरचेच तेवढे होते’, तीन गेल्या तर ‘सगळे खानदान गेले होते’. रात्री दहाला फलटणहून निघायचे, लोणंद-शिरवळ करत पुण्याचा महामार्ग धरायचा, वाटेत दोनदा चहा, एकदा पोरांच्या उलट्या, आणि पहाटे विमानतळ. तिथे ज्याच्या हातात तिकीट आणि पासपोर्ट त्यालाच दारातून आत सोडतात. बाकीचे पंचवीस जण काचेबाहेरून हात हलवतात आणि तशाच जागत्या डोळ्यांनी परत फिरतात. ज्याच्यासाठी हे सगळे केले तो मुसाफिर मात्र रात्रभर मान वाकडी करून बसलेला असतो. पुढे विमानाचे पाच-सहा तास, मग जेद्दाहून मक्केपर्यंत बस, आणि मग तवाफ.

गेल्या दिवाळीच्या सुटीत अम्मी आणि माझा धाकटा भाऊ उमऱ्याला जायचे ठरले, तेव्हा प्रवासाची आखणी माझ्याकडे आली. शाळेत सहलीचे नियोजन वर्षानुवर्षे माझ्याच गळ्यात पडते, त्यामुळे घरच्यांनीही तेच गृहीत धरले. अम्मीचे वय सत्तर. साखर आहे, गुडघे दुखतात, पण काठी घ्यायला तयार नाही. तिची अट एकच होती. जाण्याआधी मुरूडला आपाकडे जायचे. आपाचे यजमान आजारी, त्यांना सोडून तिला फलटणला येता येत नव्हते. अम्मी म्हणाली, “कहासुना माफ फोनवर मागत नाहीत. समोर बसून, हात हातात घेऊन मागतात.”

झाले. फलटणहून मुरूड, तिथे चार दिवस, मुरूडहून अलिबाग-मांडवा, मांडव्याहून बोटीने मुंबई आणि मुंबईहून जेद्दाचे विमान, असा रस्ता ठरला. विमान गुरुवारी पहाटे पाचचे. प्रश्न उरला तो बोट आणि विमान यांच्या मधल्या काळाचा.

मामूंच्या मुलाने लगेच तोडगा काढला. “गाडी मी देतो. मांडव्याला रो-रोवर गाडीच चढवायची. मुंबईत दोन दिवस गाडी दारात उभी. अम्मीला एक पाऊलही चालायला नको.” त्याच्या बोलण्यात प्रेमच होते. पण मी कागद घेऊन बसले. दोन दिवस गाडी उभी करायला जागा, ड्रायव्हरची झोपायची सोय, त्याचे जेवण आणि दक्षिण मुंबईतली गर्दी. क्रॉफर्ड मार्केटपासून महंमद अली रोडपर्यंत गाडीने जायला जितका वेळ लागतो, तितक्यात माणूस चालत जाऊन नमाज पढून परत येतो. शिवाय गाडी असली की घरातले प्रत्येक जण एकेक ठिकाण सुचवू लागते. हाजी अलीला जाऊ, मग वांद्र्याला खाला राहते, मग जुहू. आणि म्हातारे माणूस मागच्या सीटवर घामाघूम होऊन ‘चला तुमच्या मनासारखे’ म्हणत बसते. मला ते नको होते. मला अम्मी विमानात ताजीतवानी बसायला हवी होती.

मुळात दोन रात्री कशाला, त्याच दिवशी बोटीतून उतरून विमान का नाही, असेही काहींनी विचारले. त्याचे उत्तर समुद्राकडे आहे. हवामान बिघडले, वारा सुटला की बोटी बंद होतात. गेटवेची लाँच तर पावसाळाभर बंदच असते. आपाच्या सासूबाई अजून ‘रामदास’ बोटीची आठवण काढतात. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. आता बोटीही वेगळ्या आणि इशारेही वेळेवर मिळतात. तरी ज्याला पुढे विमान गाठायचे आहे त्याने समुद्राशी घाई करू नये. बोट एक दिवस उशिरा सुटली तरी विमान चुकणार नाही, एवढी मोकळी जागा मध्ये हवीच. बोट वेळेवर आली तर तोच वेळ विश्रांतीला मिळतो. रजा आणि पैसा दोन्ही मोजून मापून असणाऱ्या आपल्यासारख्यांना हा एक दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो, पण तो खरे तर विम्याचा हप्ता आहे.

मग मुक्कामाची जागा. माझा नियम साधा होता. जिथे उतरायचे आणि जिथून निघायचे, त्या दोन्हींच्या मधल्या सरळ रेषेवर राहायचे. रो-रो भाऊच्या धक्क्याला लागते. तिथून सीएसएमटी जवळ. आणि सीएसएमटीवरून आता भुयारी मेट्रो थेट विमानतळापर्यंत जाते. ही ॲक्वा लाइन आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे आमच्या प्रवासाच्या जेमतेम महिनाभर आधी. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशने. त्यात आंतरराष्ट्रीय विमानतळाचे टी-२ हे वेगळे स्टेशन आहे. जी गोष्ट करायला टॅक्सीला संध्याकाळच्या गर्दीत दीड-दोन तास लागू शकतात, ती पाऊण तासाच्या आत होते. म्हणून मुक्काम सीएसएमटी आणि क्रॉफर्ड मार्केट यांच्या मध्ये.

लॉजला फोन करताना मी चार प्रश्न वहीत लिहून ठेवले होते. लिफ्ट आहे का, आणि ती जमिनीपासून सुरू होते की पहिल्या मजल्यापासून? कमोड आहे का? खोलीत गरम पाणी किती वाजेपर्यंत? मशीद किती पावलांवर? पहिल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग फार महत्त्वाचा निघाला. एका लॉजवाल्याने ‘लिफ्ट आहे’ असे ठणकावून सांगितले आणि पुढे विचारल्यावर म्हणाला, “पहले बीस सीढी है, फिर लिफ्ट.” गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या वीस पायऱ्या म्हणजे आखी इमारतच. तिसऱ्या फोनला मनासारखी जागा मिळाली. दोन खोल्या घेतल्या. एकीत अम्मी आणि मी, दुसरीत भाऊ. माझी मुलगी कधी इकडे, कधी तिकडे.

खोल्या मंगळवार आणि बुधवार अशा दोन्ही रात्रींसाठी घेतल्या. भाऊ म्हणाला, “बुधवारी रात्री नऊला तर निघायचे, मग ती रात्र कशाला भरायची?” पण दुपारी बाराला खोली सोडली असती तर अम्मी नऊ तास कुठे बसली असती? सामानावर लक्ष ठेवत, खुर्चीत डुलक्या घेत? भावाला गुसल करून इहराम बांधायचा, तो कुठे? दुसऱ्या रात्रीचे भाडे रात्रीचे नव्हतेच, ते दिवसाच्या झोपेचे आणि न्हाणीघराचे होते. चार माणसांचे दोन दिवसांचे राहणे-खाणे धरून जो खर्च आला, तो फलटणहून जाऊन-येऊन दोन गाड्या नेल्या असत्या त्यापेक्षा कमीच भरला.

मंगळवारी सकाळी मांडव्याहून बोट सुटली. रस्त्याने अलिबागहून मुंबई म्हणजे पेण-पनवेल करत शंभर किलोमीटर, बोटीने साधारण तास. २०२० पासून ही रो-रो सुरू आहे. गेटवेला उतरताना पायऱ्या आणि हलती लाँच यांची धास्ती असते, इथे चढ-उतार सोपा. अम्मी खिडकीशी बसली आणि तिने बोलायला सुरुवात केली. आपाचा निरोप घेताना ती जे बोलली नव्हती ते सगळे त्या तासाभरात बोलली. १९७२ साली तिचे अब्बा, म्हणजे आमचे नाना, हजला गेले ते याच पाण्यावरून. अम्मी तेव्हा सोळा वर्षांची. नानींबरोबर ती त्यांना पोहोचवायला आली होती. मुसाफिरखान्यात आठ दिवस राहिले सगळे. लोखंडी ट्रंकेवर उर्दूत आणि मराठीत नाव रंगवलेले, वळकटी, स्टोव्ह, तांदूळ-डाळीची गाठोडी. जहाजाची वाट पाहत माणसे एकमेकांची झाली. कुणी बीडचे, कुणी बुऱ्हाणपूरचे, कुणी पार बिहारचे. जेद्दाला पोहोचायला पंधरवडा लागायचा. घरी खुशालीचे पत्र यायला आणखी वेळ. “धक्क्यावर आम्ही दोघी रडत होतो आणि अब्बा वरून पांढरा रुमाल हलवत होते. तेवढे रुमालच रुमाल होते, त्यातला त्यांचा कुठला ते कळेना,” अम्मी म्हणाली.

मुंबई-जेद्दा हजची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. ती माझगावच्या यलो गेटमधून सुटत. भाऊच्या धक्क्यावरून सीएसएमटीकडे येणारा रस्ता त्याच बाजूने जातो. सामान असल्यामुळे तेवढ्या टप्प्याला आम्ही काळी-पिवळी टॅक्सी केली. ड्रायव्हरला सांगितल्यावर त्याने गेटजवळ वेग कमी केला. अम्मीने खिडकीतून पाहिले, पदर सावरला आणि ओठांतल्या ओठांत फातिहा पढली. उतरायचे आहे का, असे विचारले तर मान हलवून नको म्हणाली.

मुक्कामात चालायचे किती, हेही मी आधीच ठरवले होते. एका वेळी एकच ठिकाण, सकाळी साडेआठच्या आधी किंवा असर झाल्यावर, आणि परतीची ताकद हातात ठेवून. दुपार झोपेची. सीएसएमटीच्या अवतीभवती अर्ध्या-पाऊण मैलात इतके काही आहे की गाडीची आठवणही झाली नाही. स्टेशनसमोर अंजुमन-ए-इस्लामची इमारत. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी सुरू केलेल्या या संस्थेत आज केवढी मुले-मुली शिकतात. मी शिक्षिका, त्यामुळे माझा पाय तिथे जरा रेंगाळला. स्टेशनजवळच हज हाऊसची उंच इमारत. तो रस्ता म्हणजे एम. आर. ए. मार्ग, पण जुने लोक त्याला पलटण रोड म्हणतात. माझी मुलगी हसून म्हणाली, “नानी, फलटण सोडले तरी पलटण सुटेना!”

मंगळवारी असरनंतर आम्ही क्रॉफर्ड मार्केटकडे गेलो. समोरच्या लोकमान्य टिळक मार्गावर साबू सिद्दीक मुसाफिरखाना. त्यांच्याच नावाचे भायखळ्याला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, ते आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असते. मुसाफिरखाना मात्र आजच्या मुलांना सांगावा लागतो. हजारो हाजी इथे जहाजाची वाट पाहत राहिले. परगावच्या माणसाला शहरात डोके टेकायला जागा मिळावी, एवढ्यासाठी एका माणसाने आपली दौलत दिली. अम्मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बराच वेळ पाहत होती. मग मला म्हणाली, “इथे आम्ही आठ दिवस राहिलो, पण मुंबई पाहिली नाही. अब्बा म्हणायचे, आपण तमाशाला नाही, पोहोचवायला आलोय. पण त्या आठ दिवसांत त्यांनी मला जितके सांगितले, तितके आयुष्यात कधी सांगितले नव्हते. घरी त्यांना वेळ कुठे होता!”

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवले. जहाजाच्या काळात हा पडाव कुणी मागितलेला नव्हता, तो करावाच लागे. गैरसोय होती, खर्च होता, गर्दी होती. तरीही त्या सक्तीच्या थांबण्यात घर सोडणे आणि हरमकडे निघणे यांच्या मध्ये एक जागा होती. माणूस शेत, दुकान, भाऊबंदकी हळूहळू मनातून उतरवत असे. विमानाने ती जागा पुसली. आज दुपारी दुकानाचा हिशेब करणारा माणूस उद्या दुपारी काब्यासमोर उभा असतो आणि हिशेब त्याच्या डोक्यात चालूच असतो. विमान वाईट आहे असे मी म्हणत नाही. अम्मीच्या गुडघ्यांना पंधरवड्याचे जहाज झेपले नसते. पण विमानाने वाचवलेल्या दिवसांतला एखादा दिवस आपण मुसाफिराला परत द्यायला काय हरकत आहे?

बुधवारी सकाळी जामा मशिदीकडे गेलो. १८०२ मध्ये पूर्ण झालेली ही मशीद तळ्यावर उभी आहे. खाली हौदात मासे फिरतात. भाऊ आत जाऊन आला आणि त्याने अम्मीला माशांचे वर्णन करून सांगितले. आल्यापासून आम्ही सगळे मुसाफिरच होतो. फलटणहून इतक्या लांब आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम, म्हणून हनफी मसलकाप्रमाणे कसर. जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात, फजर आणि मगरिब तशाच राहतात, आणि स्थानिक इमामामागे जमाअतीत पढले तर पूर्ण पढायचे. अम्मी म्हणाली, “बघ, अल्लाहनेच मुसाफिराला सवलत दिली, आणि आपण माणसे त्याला दमवतो.”

रियाल बदलणे, औषधांच्या चिठ्ठीची प्रत हातातल्या पिशवीत ठेवणे, नातेवाइकांचे नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात घालणे, ही कामे दिवसाउजेडी उरकली. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवली होती. ती विमान कंपनीकडे आधी नोंदवली की विमानतळावर धावपळ होत नाही. अम्मी आधी नाराज होती, “मी काय पांगळी आहे?” भाऊ म्हणाला, “चालायची ताकद तवाफसाठी ठेव.” मग ती गप्प झाली.

दुपारी अम्मी झोपली तेव्हा मी आणि मुलगी रंगीत तालीम करून आलो. सीएसएमटीच्या मेट्रोचे लिफ्ट असलेले दार कुठले, तिकीट कुठे, फलाटावर कुठे उभे राहायचे, टी-२ स्टेशनवर उतरल्यावर टर्मिनलच्या दारापर्यंत चालणे किती, मध्ये बसायला जागा कुठे. शाळेच्या सहलीआधी मी हे नेहमी करते. मुलीने वेळ लिहून घेतली. शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास असते, म्हणून पहाटेच्या विमानाला मेट्रोने जायचे तर लवकर निघून टर्मिनलमध्ये थांबायची तयारी हवी. नाहीतर मध्यरात्री टॅक्सी. आम्ही मेट्रो धरली. खोलीत झोप झालेली असल्यामुळे थांबण्याचे ओझे वाटणार नव्हते.

संध्याकाळी महंमद अली रोडवरून खायला आणायला मुलगी उतावीळ झाली होती. निहारी, नान, मिनारा मशिदीजवळची मिठाई. तिने आणि मी खाल्ले. अम्मी आणि भावाने लॉजजवळून आणलेली मुगाची खिचडी आणि दही घेतले. प्रवासाच्या आदल्या रात्री पोटाशी प्रयोग नको, हे अम्मीचेच म्हणणे.

इशा झाल्यावर भावाने गुसल करून इहरामच्या दोन चादरी बांधल्या. नियत विमानात, मिकात यायच्या आधी करायची ठरली होती. जहाजाच्या काळात यलमलमसमोर आले की कळवत, आता विमानात सूचना देतात. डुलकी लागली तर चुकू नये म्हणून भावाने घड्याळात गजर लावला. मेट्रोत एक मुलगी चटकन उठली, “बसा आजी.” तिच्या शेजारच्या बाईंनी विचारले, “कुठे निघालात?” अम्मीने सांगितले. त्या म्हणाल्या, “आमच्यासाठी पण मागा काहीतरी.” अम्मीने त्यांचे नाव विचारून घेतले. फलटणमधून निघताना शेजारच्या काकूंनी तिळाचे लाडू बांधून देताना हेच म्हटले होते. त्या यादीत आणखी एक नाव वाढले.

दाराशी निरोप पाच मिनिटांत झाला. रडारड झाली नाही. जे बोलायचे ते बोटीत आणि मुसाफिरखान्यासमोर बोलून झाले होते.

उमऱ्याहून परतल्यावर अम्मीने सांगितले, पहिला तवाफ तिने स्वतःच्या पायांनी केला. हळूहळू, भावाचा हात धरून, पण स्वतःच्या पायांनी. सई मात्र व्हीलचेअरवर केली. अल्हम्दुलिल्लाह.

हे सगळे लिहायचे कारण असे की आता आमच्या ओळखीतले लोक विचारायला येतात. ज्यांना गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ करून पुढे विमान धरायचे आहे, त्यांनाही हीच आखणी लागू पडते. क्रूझचे टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, तेही सीएसएमटीपासून लांब नाही. फक्त डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर विमानतळाचे आणि टर्मिनलचे नाव दोनदा वाचावे. ही मेट्रो तिकडे जात नाही.

आणि पोहोचवायला येणाऱ्यांचे काय? त्यांनी यावे, जरूर यावे, पण आदल्या संध्याकाळी घरी यावे. चटईवर बसावे, चहा घ्यावा, दुआ द्यावी आणि घ्यावी. आमच्या मामूंच्या मुलाने पुढच्या महिन्यात आपल्या आईवडिलांच्या प्रवासासाठी माझी वही मागून नेली आहे. गाडी तो नेणारच आहे म्हणे, पण फक्त पुणे स्टेशनपर्यंत.